रेड अ‍ॅरे बूटला उठला नाही, तर हात लावण्याआधीची तयारी

लिनक्सवर एमडीअ‍ॅडमने बांधलेला सॉफ्टवेअर रेड आहे (अनेक डिस्का जोडून केलेला एक संच, म्हणजे अ‍ॅरे; एमडीअ‍ॅडम ही तो बांधण्याची आज्ञा), मशीन रीस्टार्ट केलं आणि दीड मिनिट डिस्कची वाट पाहून सिस्टम इमर्जन्सी मोडमध्ये (बूट अडलं की दुरुस्तीपुरत्या उघडणाऱ्या मोडमध्ये) जाऊन बसली, अशा प्रसंगासाठी ही यादी आहे. डेबियन-उबुंटू धरून लिहिली आहे.

बॅकअप. तो कुठे आहे आणि त्यातली फाइल खरंच उघडते का, हे माहीत नसेल तर इथेच थांबा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, यावर वेगळं बोलत नाही.

मॉनिटर, कीबोर्ड, डिस्कची एक सुटी साटा केबल जवळ असू द्या. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स बूट होतं तो) आधीच तयार हवा, कारण रूट या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड ठेवलेला नसेल तर डेबियन इमर्जन्सी मोडमध्ये कन्सोलच उघडू न देण्याची शक्यता असते. डिस्कांचे सीरियल नंबर कागदावर लिहा आणि तेच ट्रेवर चिकटवा. लिनक्सने डिस्कांना दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका. ती दर बूटला बदलू शकतात, आणि चांगली डिस्क उपटून खराब डिस्क आत ठेवण्याचा प्रकार नेमका यातूनच होतो.

आता या यादीतली खरी गोष्ट, मागच्या वेळी माझ्याकडून राहिलेली: इनिटरॅमएफएस. कर्नल (लिनक्सचा गाभा) निघतो तेव्हा रूट फाइलसिस्टम, म्हणजे सिस्टमच्या फाइलींचं घर, अजून माउंट झालेली (जोडलेली) नसते. बूट फोल्डरमधली एक छोटी इमेज, हीच इनिटरॅमएफएस, एवढीच त्याची शिदोरी. एमडीअ‍ॅडमची कॉन्फ (सेटिंगची) फाइल त्या इमेजमध्ये असते, पण ती नक्कल असते, आणि इमेज शेवटची बांधली त्या दिवशीची असते. ईटीसी फोल्डरमधली मूळ फाइल तुम्ही कितीही नीट केलीत तरी नक्कल जुनीच राहते. हाताने अ‍ॅरे चालू होतो, डेटा दिसतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या रीस्टार्टला तीच रड. म्हणून कॉन्फमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी लगेच अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवायचं. फेडोरा किंवा रेड हॅट असेल तर कॉन्फ थेट ईटीसीमध्ये असते आणि आज्ञा ड्रॅकट --फोर्स. हे आत्ताच कागदावर लिहून ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

निदान करताना आधी फक्त बघायचं. प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचा. अ‍ॅरे इनअ‍ॅक्टिव्ह आणि डिस्कांपुढे कंसात एस दिसला, तर डिस्क सापडल्या आहेत पण अ‍ॅरे चालू झालेला नाही. अ‍ॅरेच्या एमडी0 या नावाच्या जागी एमडी127 दिसला तर घाबरू नका, डेटा जागेवर आहे. होस्टनेम बदललं असेल, डिस्का दुसऱ्या मशीनवर आणल्या असतील किंवा इमेजमधल्या कॉन्फला हा अ‍ॅरे माहीतच नसेल, तर हे नाव मिळतं. तिसऱ्या कारणाचं औषध वर सांगितलं आहे.

एखादी डिस्क दिसतच नसेल तर डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) वाचा आणि केबल बदलून पाहा. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) 199 क्रमांकाचा सीआरसी एररचा, म्हणजे डेटा वाहताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो, डिस्कचा नाही. नवी डिस्क मागवायची घाई करू नका.

पार्टिशन न करता अख्ख्या डिस्कवर अ‍ॅरे बांधला असेल तर आणखी एक शक्यता आहे. मेटाडेटा 1.2 चा सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती असलेला छोटा भाग) डिस्कच्या सुरुवातीपासून 4 केबीवर असतो. डिस्कवर पूर्वी जीपीटी (पार्टिशनांचं टेबल) होतं आणि तिच्या शेवटी त्याची राखीव प्रत उरलेली असेल, तर काही मदरबोर्डांचं फर्मवेअर त्या प्रतीवरून सुरुवातीचं टेबल 'दुरुस्त' करतं आणि सुपरब्लॉक पुसला जातो. हा घाव सगळ्या डिस्कांवर एकदमच बसू शकतो. नवीन अ‍ॅरे बांधणाऱ्यांनो, पार्टिशन करूनच बांधा.

मग प्रत्येक सदस्य पार्टिशनवर एमडीअ‍ॅडम --एक्झामिन चालवा आणि सगळं आउटपुट पेनड्राइव्हवर जपा. त्यात इव्हेंट्सचा (अ‍ॅरेतल्या बदलांच्या मोजणीचा) आकडा बघायचा. तो सगळीकडे सारखा किंवा दोन-चारांनी पुढेमागे असेल तर काळजी कमी. एखाद्या डिस्कचा आकडा खूपच मागे असेल तर ती कधीच बाहेर पडलेली आहे. तिच्यावरचा डेटा शिळा, तिला घेऊन अ‍ॅरे जोडू नका.

जोडण्याआधी अर्धवट उभा असलेला अ‍ॅरे --स्टॉपने थांबवा, नाहीतर डिस्क बिझी असल्याची तक्रार येत राहील. मग --असेम्बल, म्हणजे आहेत त्या डिस्का पुन्हा जोडणं. जमलं नाही आणि इव्हेंट्स जवळजवळ असतील, तरच --फोर्स. आणि --क्रिएट नाही. कुठल्याही उत्तरात दिसलं तरी नाही. क्रिएट नवे सुपरब्लॉक लिहितं. डिस्कांचा क्रम, चंकचा (डेटाच्या तुकड्याचा) आकार, डेटा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) यांतलं एक जरी चुकलं आणि रीसिंक (डिस्का पुन्हा एकमेकींशी जुळवणं) सुरू झालं की परतीची वाट बंद. ज्यांना पर्यायच उरला नाही, त्यांनीसुद्धा आधी प्रत्येक डिस्कवर ओव्हरले चढवून, लिहिलं जाणारं सगळं वेगळ्या फाइलमध्ये वळवून प्रयोग करावा.

अ‍ॅरे उठला की कॉन्फ. एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅनने निघालेली ओळ तिच्यात घाला, पण फाइल उघडून पाहा: नुसतं शेवटी जोडत गेल्याने एकाच अ‍ॅरेच्या दोन ओळी होतात, जुनी काढून टाका. यूयूआयडी (ओळखक्रमांक) दोन असतात. कॉन्फमध्ये लागतो तो अ‍ॅरेचा, मध्ये अपूर्णविराम असलेला. एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) लागतो तो फाइलसिस्टमचा, अ‍ॅरेवर बीएलकेआयडी चालवल्यावर दिसतो तो, हायफनवाला. अदलाबदल झाली तर दोन्ही फाइली दिसायला ठीक आणि बूट मात्र अडलेलं. डेटाच्या अ‍ॅरेला एफएसटॅबमध्ये नोफेल लिहा, म्हणजे तो नाही उठला तरी मशीन उठेल आणि घरून एसएसएचने आत जाता येईल.

कॉन्फ बदलली ना? अपडेट-इनिटरॅमएफएस -यू. लगेच. नुसतं -यू ताज्या कर्नलची इमेज बांधतं; तुम्ही जुन्या कर्नलवर बूट करत असाल तर -के ऑल जोडा. आणि विश्वास ठेवू नका, तपासा: एलएसइनिटरॅमएफएस त्या इमेजवर चालवून आत एमडीअ‍ॅडमची कॉन्फ आहे का बघा, अनएमकेइनिटरॅमएफएसने ती सोडवून नवी ओळ खरंच गेली आहे का वाचा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करत असाल तर हे सगळं सीएचरूट करून (पेनड्राइव्हऐवजी डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरून), बूट पार्टिशन माउंट करून. नाहीतर नवी इमेज माउंट न झालेल्या पार्टिशनऐवजी रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि जुनीच इमेज बूट होते.

रीस्टार्ट समोर बसून करा, रात्री दुरून नाही. रीबिल्ड (डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) चालू असेल तर आधी संपू द्या. रूटच अ‍ॅरेवर असेल तर ग्रब (बूटलोडर) त्यातल्या प्रत्येक डिस्कवर घाला. नवी डिस्क --अ‍ॅडने, थोडा वेळ सुटलेली जुनी --री-अ‍ॅडने. कॉन्फमध्ये मेलअ‍ॅड्रेस लिहा, --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट चालवा आणि मेल येतं का बघा. नसेल येत तर ते आजच लावा.