भाताच्या तुसाची काळी राख कशी करावी

भाताची झोडणी उरकली की मावळ, मुळशी, भोरकडच्या गिरण्या दिवसभर धडधडतात. १०० किलो भाताच्या भरडणीत साधारण २० किलो तूस, म्हणजे दाण्यावरचं टरफल, पडतं. त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे जनावरांना त्याचा उपयोग नाही आणि ते लवकर कुजतही नाही. मग गिरणीमागच्या ढिगाला कुणीतरी काडी लावतं. पूर्ण जळून पांढरी पडलेली राख शेताला फारशी कामाची नाही. अर्धवट जाळून मध्येच विझवलेली काळी राख मात्र रोपांना लागू पडते. सगळं कौशल्य आग वेळेवर थांबवण्यात आहे.

आधी तूस नीट निवडून घ्या. जुन्या हलर यंत्रातून तूस, कोंडा आणि कणी एकत्र पडते; कोंडा-कणीमुळे ते मिश्रण गुरांच्या खाद्यात जाऊ द्या. नुसतं तूस वेगळं काढणाऱ्या रबर रोलच्या शेलर यंत्रावरचं कोरडं, स्वच्छ तूस मागा. वीटभट्टीवाले आणि बॉयलरवाले ते उचलतात, त्यामुळे फुकट मिळेलच असं नाही.

आता भट्टी. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या. तळ कापून टाका आणि चारही बाजूंना खिळ्याने भरपूर भोकं पाडा. भोकं बारीकच हवीत, नाहीतर तूस आत सांडून आग गुदमरते. वरच्या बाजूला ४ इंची पत्र्याचं धुराडं बसवा, ४-५ फूट उंच.

मोकळ्या रानात, वारा पडलेला असताना जमिनीवर काटक्या पेटवा आणि त्यावर डबा कापलेली बाजू खाली करून ठेवा. धुराड्यातून धूर नीट ओढला जाऊ लागला की डब्याभोवती तुसाचा ढीग रचा, डबा पूर्ण झाकेपर्यंत. आतली धग भोकांवाटे तुसाला लागते, पण ढिगात हवा कमी असल्याने ज्वाळा उठत नाही. तूस फक्त करपतं. अर्ध्या तासाच्या आसपास माथा काळा पडू लागतो. तेव्हापासून फावड्याने खालचं पिवळं तूस वर ओढत राहा. इथे चहाला उठून गेलात तर परत येईतो कडेने पांढरी राख दिसू लागते.

ढीग सगळीकडून काळा झाला की लगेच पसरा आणि झारीने भरपूर पाणी मारा. वरून विझलेलं वाटलं तरी आत निखारा राहतो आणि पोत्यात भरल्यावर पुन्हा पेटतो. म्हणून उलथून पुन्हा भिजवा, वाळवा, हात घालून गार असल्याची खात्री करा, मगच भरा. वजनाने मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास माल हाती येतो. नाकातोंडाला रुमाल बांधा. पुणे शहरात सोसायटीच्या आवारात हा उद्योग नको. उघड्यावर जाळायला बंदी आहे आणि शेजाऱ्यांचा दमा वेगळाच.

भाताच्या रोपवाटिकेत ही राख गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतल्या पहिल्याच सूत्रात ती येते. रोपांना सिलिका मिळते, ती ताठ होतात, खोडकिड्याला सहज बळी पडत नाहीत. राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपांची जागा पाला-फांद्या जाळून भाजून घेण्यासाठी, झाडांच्या फांद्या छाटण्यापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी चार भाग माती-शेणखतात एक भाग राख पुरे. आधी दोन दिवस शेणकाल्यात भिजवून ठेवा, म्हणजे कोरडी राख मातीतलं अन्न स्वतःच धरून बसत नाही. ती अल्कधर्मी असते, म्हणून आम्लट माती आवडणाऱ्या अनंताच्या कुंडीत घालू नका.

नुसतं जळण हवं असेल तर भुशाची जुनी शेगडी काढा. मध्ये बाटली उभी धरून, खालच्या भोकातून दांडा सरकवून, भोवती तूस ठासायचं आणि दोन्ही अलगद काढून खालून पेटवायचं. निव्वळ तूस नीट ठासलं जात नाही, निम्मा लाकडाचा भुसा मिसळा. किलोभर तुसात ३,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. अंघोळीचं पाणी आरामात तापतं. शेगडी अंगणातच पेटवा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो.

पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे तूस-भुसा दाबून केलेल्या जळणाच्या, कांड्या घरी करायच्या फंदात पडू नका, त्याला मोठ्या दाबाचं यंत्र लागतं आणि सिलिकेमुळे त्याचे भाग लवकर झिजतात. तुसाची राख सिमेंटमध्येही चालते, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात तिचा उल्लेख आहे. पण ती ठरावीक तापमानाला जाळून बारीक दळलेली असावी लागते. गिरणीमागची राख आपल्या स्लॅबमध्ये घालू नका.