अध्यक्ष बदलला, मतदार तेच: क्रीडा संघटनेत काम करू पाहणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये मी क्रीडा संघटनांचे हिशेब तपासतो. त्यामुळे वाणिज्य किंवा विधी शिकणारी आपली मराठी मुलं भेटायला येतात. "काका, तिथले जुने अध्यक्ष गेले. आता नोकरी धरायला हरकत नाही ना?" असं विचारतात. मी सांगतो, नवा माणूस कोण ते नंतर बघ. आधी संस्थेची घटना वाच आणि मतदार यादी माग.

एका जिल्हा संघटनेत पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून सचिव गेले. नवे आले ते सरळ माणूस, याबद्दल मला आजही शंका नाही. तरी पुढच्या तपासणीत खेळाडूंच्या नाश्त्याची, प्रवासभत्त्याची व्हाउचर्स तशीच निघाली: नावं वेगवेगळी, अक्षर एकाच हाताचं, सह्या एकाच पेनाच्या. कारण शोधताना मी संलग्न क्लबांची यादी स्पर्धांच्या प्रवेशिकांशी ताडून पाहिली. कितीतरी क्लब मैदानात संघच उतरवत नव्हते, पण वार्षिक सभेत मत द्यायला हजर होते. त्यांना खूश ठेवल्याशिवाय जुन्या सचिवांचं भागत नव्हतं, नव्यांचंही भागेना.

मोठ्या संघटनांत रक्कम मोठी, गणित हेच. फुटबॉलच्या जागतिक संघटनेत, फिफात, 2015 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पदाधिकाऱ्यांचं अटकसत्र झालं, अध्यक्ष ब्लाटर पायउतार झाले. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांच्या जागी इन्फान्तिनो निवडून आले आणि त्याच दिवशी अध्यक्षाला 12 वर्षांची मर्यादा घालणारे बदलही मंजूर झाले. पुढच्याच वर्षी पदाधिकाऱ्यांची चौकशी करणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या दोन्ही प्रमुखांना मुदतवाढ नाकारली गेली. मग 2022 मध्ये ठरलं की इन्फान्तिनोंची 2016 ते 2019 ही वर्षं मोजायचीच नाहीत, म्हणजे 2031 पर्यंत वाट मोकळी. 211 देशांना एकेक मत आणि विकासनिधी मुख्यालयाच्या हातात. देणाऱ्याच्या विरोधात हात कोण वर करणार?

मुष्टियुद्धाचं तर मला फार वाईट वाटतं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष सी. के. वू 2017 मध्ये पायउतार झाले, त्यानंतर रहिमोव आले, 2020 मध्ये क्रेमलेव. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने संघटनेची मान्यताच काढून घेतली. तोवर जीव टांगणीला लागला तो रिंगणातल्या पोरापोरींचा.

ॲथलेटिक्समध्ये मात्र काही हाती लागलं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष लामिन दियाक 2015 मध्ये पायउतार झाले आणि 2020 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरले. त्यांच्या जागी आलेले सेबॅस्टियन को आधी त्यांचेच उपाध्यक्ष होते, म्हणजे माणूस बाहेरचा नव्हता. पण 2017 मध्ये डोपिंगचा तपास स्वतंत्र पथकाकडे गेला आणि अध्यक्षाच्या हातातली ती किल्ली निघाली. माझ्या लेखी खरी सुधारणा ती.

आपल्याकडे क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मान्य केल्या, तेव्हा आम्हा तपासनिसांना मोठी आशा वाटली होती. 2022 मध्ये सक्तीच्या विश्रांतीची, म्हणजे ठरावीक वर्षांनी काही काळ पदापासून दूर राहण्याची, अट सैल झाली. आता राज्य संघटनेत सहा आणि क्रिकेट मंडळात सहा, अशी सलग बारा वर्षं पदावर राहता येतं. मला हे पटलेलं नाही.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळाची आणि न्यायाधिकरणाची तरतूद आहे. नियम आणि हिशेब दोन्ही कळणारी माणसं आता लागतील, तेव्हा या क्षेत्रात जरूर या. सुरुवात मात्र आपल्या जिल्ह्यापासून करा. मध्य प्रदेशात नोंदणीकृत संस्थेला राज्याच्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या धारा 27 खाली कार्यकारिणीची यादी आणि धारा 28 खाली लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी द्यावे लागतात. मागच्या काही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. अध्यक्षाचं नाव सोडा, कोषाध्यक्ष आणि सदस्य बघा. तीच आडनावं नुसती पदं बदलून फिरताना दिसतील. मुलाखतीत तुम्हीही दोन प्रश्न विचारा: लेखापरीक्षक कोण नेमतं, आणि त्याचे आक्षेप सभेत वाचून दाखवतात का? "ते सचिवसाहेब बघतात" असं उत्तर आलं, तर नोकरी धरण्याआधी घरी बसून नीट विचार करा.