बोट बुडाल्यानंतर पाण्याखालचा शोध: पाणबुड्यांच्या पथकासाठी कामाची पद्धत

बोट बुडाल्याची खबर आली की आधी दोन गोष्टी विचारून घ्या: माणूस पाण्याखाली केव्हा गेला आणि पाणी किती गार आहे. पाणी 6 अंश सेल्सिअसहून गरम असेल आणि माणूस बुडून 30 मिनिटं होऊन गेली असतील, तर तो वाचण्याची आशा जवळपास उरत नाही. 6 अंश किंवा त्याहून गार पाण्यात ही मुदत 90 मिनिटांपर्यंत धरतात. तोवर काम बचावाचं असतं, नंतर शोधाचं. हा बदल पथकप्रमुखाने सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगावा आणि वेळ घालून नोंदवावा, कारण त्या क्षणापासून धोक्याचा हिशेब बदलतो. जिवंत माणसासाठी जी जोखीम घेतली असती, ती मृतदेहासाठी घ्यायची नाही. अंधार पडत असेल, पूर चढत असेल, धरणाचे दरवाजे उघडे असतील तर थांबा. काठावरच्या गर्दीला हे थांबणं सहन होत नाही, पण घाईने उतरवलेला पाणबुडा बुडाला तर शोधायच्या माणसांत एकाची भर पडते.

उलटलेल्या बोटीला मात्र हे घड्याळ लावू नका. तिच्या पोटात हवेचा कप्पा राहिलेला असू शकतो. 2013 मध्ये नायजेरियाच्या किनाऱ्याजवळ उलटलेल्या एका टगबोटीचा आचारी हॅरिसन ओकेने सुमारे 30 मीटर खोलीवर अशा कप्प्यात जवळपास 60 तास तग धरून होता. मृतदेह काढायला उतरलेल्या पाणबुड्यांनाच तो सापडला. इतका वेळ दाबाखाली राहिल्यामुळे त्याला थेट वर न आणता आधी दाबकक्षात ठेवावं लागलं. म्हणून उलटी बोट दिसली की आजूबाजूची सगळी इंजिनं बंद करायला सांगा, बुडावर तीनदा ठोका आणि पूर्ण मिनिटभर कान लावून ऐका. पुढे सरकत दर मीटरभरावर हेच करा. आतून प्रतिसाद आला तरी बुडाला भोक पाडायची घाई करू नका. बोट तरंगतेय ती आतल्या हवेवर, ती हवा सुटली की बोट आतल्या माणसासकट खाली जाईल. आधी दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या किंवा दुसऱ्या बोटी बांधून तिला आधार द्या आणि मगच पुढचं ठरवा.

पाण्यात उतरण्याआधी

शोध लांबतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी उतरल्यामुळे. काठावर घालवलेला अर्धा तास पाण्यातला अख्खा दिवस वाचवतो, आणि तो अर्धा तास मिळवण्यासाठी पथकप्रमुखाने सगळ्यांशी भांडावं लागलं तरी भांडावं.

सर्वांत आधी माणसं मोजा. प्रवाशांची यादी असली तरी तिच्यावर विसंबू नका. ऐनवेळी चढलेले, मांडीवरची लहान मुलं आणि स्वतः बोट चालवणारे यादीतून हमखास सुटतात. वाचलेले, सापडलेले आणि बेपत्ता अशा तीन याद्या करा आणि त्या एकाच माणसाच्या हातात ठेवा. पोहून परस्पर घरी गेलेला माणूस बेपत्तांच्या यादीत राहिला तर पथक नसलेला मृतदेह शोधत बसतं.

मग प्रत्यक्षदर्शी. त्यांना एकमेकांपासून वेगळं करा, नाहीतर तासाभरात सगळ्यांची हकिगत एकसारखी होते. बुडताना पाहिलं तेव्हा जो जिथे उभा होता तिथेच त्याला पुन्हा नेऊन उभा करा. पाण्यात एक छोटी होडी पाठवा आणि त्याला इशारे करायला सांगा: "आणखी डावीकडे, थोडी पुढे, बस, तिथे." माणसाला पाण्यावरचं अंतर सांगता येत नाही, दिशा मात्र बऱ्यापैकी बरोबर सांगता येते. होकायंत्राने ती दिशा घ्या. दोन-तीन जणांच्या दिशारेषा जिथे एकमेकींना छेदतील ती शेवटच्या दर्शनाची जागा. तिथे वजन बांधलेलं तरंगक सोडा. शोध संपेपर्यंत ते हलवायचं नाही.

त्या जागेपासून देह किती लांब गेला असेल हे मोजता येतं. बुडणारं शरीर साधारण सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने खाली जातं. 8 मीटर खोल पाण्यात तळ गाठायला 16 सेकंद लागले आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असला, तर ते 8 मीटर वाहून तळाला लागेल. तळाशी प्रवाह मंद असतो आणि प्रौढ माणसाचा देह पाण्यात जेमतेम काही किलोच भरत असला तरी दगडात, गाळात, झाडोऱ्यात अडकून राहायला तेवढं वजन पुरतं. म्हणून "आतापर्यंत मैलभर वाहून गेला असेल" हे काठावरचं बोलणं कानाआड करा. साचलेल्या पाण्यात खोलीइतक्या त्रिज्येचं वर्तुळ आधी पुरतं पिंजून काढा. अंगात बंद लाईफ जॅकेट असेल किंवा पूर जोरात असेल तर हा हिशेब लागू होत नाही. लाईफ जॅकेटवाला माणूस पाण्यावर, वारा जिकडे वाहतो त्या दिशेला शोधायचा.

सोनार (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) असेल तर पाणबुड्याच्या आधी ते फिरवा. बाजूला पाहणारं सोनार 2 ते 3 नॉट वेगाने, दोन्ही बाजूंना 20-25 मीटर पट्टा ठेवून चालवा आणि प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा घ्या. पडद्यावर देहापेक्षा त्याची सावली जास्त बोलते, हातापायांची ठेवण सावलीतच उमटते. संशयित जागेवर खुणेच्या तरंगकाचं वजन नेमकं टाकू नका. गाळ उसळतो आणि देहाला इजा होऊ शकते. 3 ते 5 मीटर बाजूला टाका आणि दिशा नोंदवा.

पथक आणि हवेचा हिशेब

एक पाणबुडा पाण्यात, एक दोर धरणारा, आणि एक राखीव पाणबुडा पूर्ण सज्ज, मास्क तेवढा चढवायचा बाकी. या तिघांवर एक प्रमुख. याहून कमी माणसं असतील तर उतरायचं नाही. राखीव पाणबुड्याला इतर कामं सांगण्याची सवय घातक आहे. तो दोरखंड आणायला गेलेला असतो नेमका तेव्हाच खाली कोणी अडकतो.

बुडालेल्या बोटीभोवती डिझेल-पेट्रोल असतं, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा पोशाख) हवा. स्वतंत्र रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारा भाग) लावलेला आणीबाणीचा छोटा सिलिंडर हवा. कापायची दोन साधनं घ्या, एक कात्री आणि एक चाकू, आणि दोन्ही कोणत्याही हाताने काढता येतील अशी छातीपाशी लावा. पिंडरीला बांधलेला चाकू जाळ्यात अडकलेल्या माणसाच्या हाती येत नाही. मासेमारीची नायलॉनची तार चाकूपेक्षा कात्रीने पटकन तुटते.

12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने 2400 लिटर हवा मावते. एक तृतीयांश राखून ठेवली की हाताशी 1600 उरते. काम करताना, थंडीत आणि मनावर ताण असताना माणूस मिनिटाला 40 लिटर सहज ओढतो. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून खर्च 80 लिटर. म्हणजे 20 मिनिटं. एका डुबकीला तेवढीच वेळ द्या. दोर धरणाऱ्याने दर 5 मिनिटांनी दाब विचारून पाटीवर लिहावा.

दोरावरचा शोध

गढूळ पाण्यात पाणबुडा आंधळाच असतो, त्याला दिशा देतो तो वरचा माणूस. दोराच्या खुणा पथकापथकात वेगळ्या असतात, पण एक रूढ संच असा. वरून एक ओढ: ठीक आहेस का? दोन: थांब, दिशा बदल. तीन: वर ये. चार: जागचा हलू नकोस. खालून एक: ठीक आहे. दोन: दोर सोड. तीन: सापडलं. चार किंवा जास्त: मदत हवी. उतरण्याआधी दोघांनी कोरड्यावर या खुणा एकदा करून पाहायच्या, रोज, कितीही जुनी जोडी असली तरी.

पाणबुडा शोधायच्या भागाच्या लांबच्या टोकाला जातो आणि दोर ताठ ठेवून कमानीत सरकतो. टोकाला पोचल्यावर वरून दोन ओढी येतात, 60-70 सेंटिमीटर दोर आत घेतला जातो आणि तो उलट कमान काढतो. दिसत असेल तर जास्त दोर घेतला तरी चालेल. काही दिसत नसेल तर हाताच्या पल्ल्याहून जास्त अजिबात नाही. देह मध्ये सुटतो तो मुख्यत्वे दोन कारणांनी. एक, दोर सैल पडतो आणि कमान आतल्या बाजूला ढासळते. दुसरं कारण ओळखायला अवघड: दोर एखाद्या खुंटाला अडतो आणि पाणबुडा दोर धरणाऱ्याऐवजी त्या खुंटाभोवती छोट्या कमानी काढत बसतो. वर ते कळतं असं: बुडबुडे सरकतात, पण दोराचा कोन बदलत नाही. दिसलं की थांबवा, दोर सोडवा आणि तो पट्टा पुन्हा घ्या. झालेल्या प्रत्येक पट्ट्याची दोन्ही टोकं नकाशावर मांडा.

तळावर हात झाडूसारखा नाही, पीठ सपाट करावं तसा फिरवायचा. तळवा खाली, बोटं किंचित उघडी, वेग कमी. फांदी आणि दंड हातमोज्यातून सारखेच लागतात. फरक कापडाने कळतो: ओलं कापड आतल्या घट्ट वस्तूवरून सरकतं, शेवाळ सरकत नाही. बुटाचा तळ हाताला लागला तर तिथेच थांबा, श्वास दोन-तीनदा सावकाश घ्या, मग तीन ओढी द्या. पहिल्यांदा उतरणाऱ्याला हे सगळं आधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. काय हाताला लागणार हे ठाऊक असलेला माणूस घाबरून वर झेपावत नाही. उतरायला मन धजत नसेल तर त्याला नाही म्हणू द्या, आणि त्यावरून त्याला कोणी बोलायचं नाही.

धरणाचा दरवाजा, मोरी किंवा पाणी खेचणारी नळी जवळ असेल तर ती बंद करून कुलूप लावल्याशिवाय आणि किल्ली प्रमुखाच्या खिशात आल्याशिवाय उतरू नका. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 3 मीटरचा फरक असेल तर 30 सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर 200 किलोहून अधिक ओढ बसते. त्यात अडकलेला पाय दोराने ओढून निघत नाही. ही ओढ दिसत नाही आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

बोट हीसुद्धा पुरावा आहे

बोट वर काढताना अर्धा पुरावा हलतो. म्हणून खाली असतानाच पाहा, आणि शक्य तिथे फोटो घ्या: वेगाचा दांडा कुठे आहे, गिअर कशात आहे, सुकाणू कोणीकडे वळलेलं आहे, पंख्यात दोर गुंतलाय का, बुडाच्या निचऱ्याचं बूच जागेवर आहे का. लाईफ जॅकेटं किती, कुठे, बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात की सुटी, बकल लावलेलं की उघडं. दिव्यांची बटणं चालू-बंद करून पाहू नका. तारेचा दिवा पेटलेला असताना धक्का बसला तर गरम तार ताणली जाते, विझलेला असताना बसला तर ती न ताणता तुटते. तपासणाऱ्याला त्यावरून रात्री दिवे लागले होते की नाही हे सांगता येतं.

देह वर आणताना

आधी खोली, पाण्याचं तापमान, तळ कसा आहे, डोकं कोणत्या दिशेला, देह पालथा की उताणा, हे वर सांगून लिहून घ्या. बुडालेला देह बहुधा पालथा, हातपाय खाली लोंबणारे असा असतो, म्हणून कपाळ, बोटांचे सांधे आणि गुडघे तळावर घासलेले आढळतात. हे लिहिलेलं नसेल तर पुढे त्याच ओरखड्यांना मारहाण समजलं जाऊ शकतं.

पाणी निथळेल अशी जाळीदार पिशवी देहाशेजारी पसरा, बाजूने कुशीवर वळवून आत घ्या आणि तिथेच बंद करा. हात-पाय धरून ओढू नका. आखडलेले हात सरळ करायला जाऊ नका. कपडे, दागिने, खिसे जसेच्या तसे ठेवा. वर आल्यावर नाकातोंडाशी पांढरा फेस दिसला तर पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. देहाजवळचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून शवविच्छेदनासाठी द्या. पाण्याबाहेर आल्यावर देह झपाट्याने बिघडतो, म्हणून लगेच सावलीत आणि थंडाव्यात न्या.

पिशवीवर क्रमांक घाला, नाव नाही. पाण्यात राहिलेला चेहरा ओळखण्यात जवळचे नातेवाईकही चुकतात. खात्रीची ओळख बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांवरून होते. शेजारी सापडलेली पर्स "त्याचीच असेल" म्हणून पिशवीत टाकली की एका कुटुंबाला दुसऱ्याचं माणूस मिळतं.

नातेवाइकांशी बोलायला एकच माणूस नेमा. दर तासाला, काही घडलं नसलं तरी, त्याने त्यांच्यापाशी जाऊन काय झालं आणि पुढे काय करणार ते सांगावं. "संध्याकाळपर्यंत काढतो" असं वचन द्यायचं नाही. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, म्हणून सापडल्याचा शब्द आधीच ठरवून ठेवा आणि बोटीवर मोठ्याने बोलू नका.

सापडलंच नाही तर देह वर येण्याची वाट पाहावी लागते. 25 अंशांच्या आसपासच्या पाण्यात वायू धरून तो साधारण दोन-तीन दिवसांत वर येतो. फार गार किंवा खूप खोल पाण्यात आठवडे जातात, काही वेळा येतच नाही. या दिवसांत पहाटे वारा जिकडे वाहतो तिकडचा काठ रोज पाहून घ्या.

काम संपल्यावर पाणबुड्याला सूट अंगावर असतानाच भांडी घासायच्या साबणाने धुवा, तेल त्यानेच सुटतं. नंतर जंतुनाशक, मग साधं पाणी, आणि मास्क सगळ्यात शेवटी काढा. दोर, पिशव्या आणि बोटीचा तळही धुवा. अंगावरच्या प्रत्येक खरचटलेल्या जागेची नोंद ठेवा. पुढच्या 2 दिवसांपासून 4 आठवड्यांपर्यंत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्या, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण घाण पाण्यात उतरलो होतो हे त्यांना आधीच सांगा.