एरोबॅटिक आरसी विमानाला प्रॉप कुठला लावायचा, सोलापूरच्या उन्हात उडवणाऱ्यांसाठी

मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या पुढं एका माळावर माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, विमानाचा ईएससी (मोटरला करंट देणारा कंट्रोलर) जळाला आणि कारण होतं फक्त प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा. १३ बाय ६.५ मस्त चालला होता पण मला सरळ वर चढताना अजून ताकद पाहिजे होती, म्हणलं एका इंचानं काय होतंय आणि १४ बाय ७ लावला. चौथ्या मिनिटाला हॉवरमधनं (नाक वर करून हवेत जागच्या जागी उभं राहणं) बाहेर काढायला फुल थ्रॉटल दिला आणि मोटर गप्प झाली. विमान मुरमावर नाकावर आलं, उचललं तर कॅनॉपीतनं (वरच्या झाकणातनं) जळका वास. तेव्हापासून प्रॉप अंदाजानं लावायचा बंद केलाय.

आधी आकडे समजून घ्या. १३ बाय ६.५ मधला १३ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत इंच, आणि ६.५ हा पिच, म्हणजे लाकडात स्क्रू जातो तसा प्रॉप हवेत गेला तर एका फेऱ्यात साडेसहा इंच पुढं जाईल. डायमीटरनं ओढ मिळते, पिचनं वेग मिळतो, ढोबळ हिशोब असा. पण मोटरवरचा लोड डायमीटरच्या चौथ्या घातानं वाढतो, पिचनं सरळ वाढतो. १४ भागिले १३ चार वेळा गुणा, १.३४ येतं, त्याला ७ भागिले ६.५ नं गुणलं की १.४५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) ४५ टक्के जास्त लोड! प्रत्यक्षात आरपीएम खाली येतो त्यामुळं करंट तेवढा वाढत नाही, पण माझ्या ६० अँपच्या ईएससीला वाढला तेवढा बास झाला.

आता तुम्ही उडवता काय ते ठरवा, कारण प्रॉप त्यावर ठरतो. हॉवर, टॉर्क रोल (हॉवरमध्येच स्वतःभोवती फिरणं), हॅरियर (नाक वर धरून सावकाश जाणं) असलं थ्रीडी करायचं असेल तर थ्रस्ट, म्हणजे ओढ, वजनाच्या किमान दीडपट पाहिजे, दुप्पट असेल तर उत्तम, आणि पिच डायमीटरच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी, १२ बाय ६ किंवा १३ बाय ६.५ सारखा. मोठा डायमीटर कमी पिच याचा अजून एक फायदा, थ्रॉटल कमी करून नाक खाली घातलं की प्रॉपच ब्रेकसारखा काम करतो आणि विमान सुसाट खाली येत नाही. मोठे लूप, लांब रोल, वाऱ्यात सरळ लाइन असं आवडत असेल तर पिच थोडा वाढवा. हिशोबाला सोपं, आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५ केलं की ताशी किलोमीटर येतात, ९००० आरपीएमला ६.५ पिच म्हणजे ८८ च्या आसपास, विमान खरं त्याच्या जरा कमीच जाणार.

पण शेवटचा शब्द वॅटमीटरचा, म्हणजे बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडून करंट मोजायच्या मीटरचा. बॅटरी फुल चार्ज पाहिजे, ४एस (चार सेलची लिपो) असेल तर १६.८ व्होल्ट, अर्धी उतरलेली बॅटरी लावून मोजलं तर आकडा कमी येतो आणि आपण फसतो. मित्राला विमान मागनं घट्ट धरायला सांगा, प्रॉपच्या पुढं किंवा बाजूच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आठ-दहा सेकंद फुल थ्रॉटल, करंट बघा, बंद करा. ६० अँपच्या ईएससीवर मी आता ४८ च्या वर जाऊ देत नाही.

यात आपल्या सोलापूरची गोष्ट वेगळी आहे बघा. ४२ डिग्रीची मेची दुपार आणि १५ डिग्रीची डिसेंबरची सकाळ, हवेच्या दाटपणात ९ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. उन्हाळ्यात थ्रस्ट कमी वाटतो म्हणून लोक मोठा प्रॉप लावतात, मी पण तेच केलं, आणि नेमका तेव्हाच ईएससीला थंड व्हायला गार हवा नसते. उलट मेमध्ये काठावर मोजलेला प्रॉप डिसेंबरात जास्त करंट खातो. उन्हाळ्यात एक इंच लहानच बरा, सकाळी सातच्या आत उडवा आणि उतरल्यावर मोटरला बोट लावून बघा, बोट टेकवता येत नसेल तर प्रॉप मोठाय.

प्रॉप कुठल्या प्रकारचा तेही बघा. एपीसी कंपनीचे इलेक्ट्रिकवाले घ्या, स्लो फ्लायरवाले पातळ असतात, त्यांची मर्यादा ६५,००० भागिले डायमीटर, म्हणजे ११ इंचीला ५,९०० आरपीएमच, थ्रीडी विमानावर तो तुटून उडू शकतो. लाकडी हलका असतो, थ्रॉटलला पटकन साथ देतो, पण आपल्या मुरमावर एका चुकीच्या लँडिंगमध्ये जातो.

मुरमावरनं टेकऑफ केलं की बारीक खडे पात्याच्या पुढच्या कडेला लागतात, दर वेळी नख फिरवून बघा, नख अडकलं की तो प्रॉप कचऱ्यात, चिकटवायचा नाही. नवा असला तरी बॅलन्स करा, हलक्या पात्याला मागनं सेलोटेपचा तुकडा लावला तरी काम होतं. बसवताना आकडे लिहिलेली बाजू पुढं, विमान जायच्या दिशेला, आणि नट पान्यानं घट्ट.

आणि जागा. होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपास अजिबात नको, आणि नान्नजचं गवताळ रान कितीही मोकळं दिसलं तरी तिथं नको, ते माळढोकचं अभयारण्य आहे.