नवा गेम कन्सोल घेताय? आधी टीव्हीच्या मागं डोकावा

कोल्हापुरात कन्सोल घ्यायचं कारण बऱ्याचदा फुटबॉल असतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघून आलेली पोरं उरलेली खुन्नस घरी 'ईए स्पोर्ट्स एफसी' या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये काढतात. साहजिकच दुकानात पहिला प्रश्न असतो, 'पीएस फाइव्ह (म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५) केवढ्याला?' हा प्रश्न जरा मागं ठेवा. आधी घरातला टीव्ही बघायचा, मग दोस्तांकडं कोणतं मशीन आहे ते, आणि त्यानंतर किंमत.

घरची तयारी

टीव्ही थोडा वळवून मागं एचडीएमआयचं एक पोर्ट रिकामं आहे का बघा. सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबारनं बहुतेक जागा अडवलेली असते. टीव्ही साधा फुल एचडी असला तरी कन्सोल चालतो, तो चित्र त्या मापात आणून दाखवतो. त्यामुळं 'सोबत फोर-के टीव्ही पण घ्या, हप्ते करून देतो' म्हणणाऱ्या सेल्समनला हसून नमस्कार करा. १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीचं) खूळही पहिल्या मशीनला नको, साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर मॅच झकास होते.

शोकेसचा कप्पाही मोजून घ्या. पीएस ५ च्या नव्या, बारीक 'स्लिम' मॉडेलची लांबी जवळपास ३६ सेंटिमीटर आहे आणि भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवायला कंपनीच सांगते. काचेच्या बंद कपाटात ठेवलात तर गरम हवा आतच फिरत राहते.

कोणतं मशीन?

सोनीनं पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आणला. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिजिटलची (डिस्क घालायची सोय नसलेल्याची) ४४,९९० रुपये होती. आजचा भाव दुकानात आणि ऑनलाइन, दोन्हीकडं विचारा. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आकारानं लहान, डिस्कची सोय नसलेला, फुल एचडी टीव्हीला पुरेसा. निन्टेंडोचे कन्सोल भारतात अधिकृतपणे विकले जात नाहीत, दुकानात दिसतो तो बाहेरून आलेला माल. काही बिघडलं तर दुकानदाराच्या शब्दावरच सगळं.

माझं मत विचाराल तर डिस्कवाला घ्या. नवी मोठी गेम ४ ते ५ हजारांना पडते. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, नाहीतर शिवाजी पेठेतली मंगळवार पेठेत आणि तिथली इकडं फिरवता येते. डिजिटल गेम मात्र तुमच्या अकाउंटला कायमची चिकटते. पीएस ४ च्या बहुतेक जुन्या डिस्कही यात चालतात. स्लिम डिजिटलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

मित्राकडं एक्सबॉक्स आणि तुमच्याकडं पीएस ५ असलं तरी फुटबॉलवाल्यांचं अडत नाही. फिफा २३ (ईए स्पोर्ट्स एफसी याच मालिकेचं नवं नाव) पासून या दोन मशीनवरचे खेळाडू काही मोडमध्ये ऑनलाइन समोरासमोर येऊ शकतात. डिस्कची अदलाबदल तेवढी होणार नाही.

पैसे उरलेच तर दुसरी गेम घेऊ नका, दुसरा कंट्रोलर घ्या. तो ६ हजारांच्या घरात जातो, पण शेजारी बसलेल्याला गोल मारून चिडवण्यात जी मजा आहे ती ऑनलाइन नाही. शिवाय विकतच्या गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. एकाच सोफ्यावर बसून खेळायला लागत नाही.

दुकानात

राजारामपुरीतून घ्या, शाहूपुरीतून घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा, जीएसटीचं पक्कं बिल हवंच. 'बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो' हे ऐकलं की पुढच्या दुकानात जायचं. बॉक्सवर रुपयांत छापलेली एमआरपी आणि आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता शोधा. ते नसेल तर माल परदेशातून परस्पर आलेला असण्याची शक्यता मोठी. बॉक्सवरचा, मशीनवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना, हे काउंटरवरच ताडून बघा. ऑनलाइन आलेला बॉक्स फोडताना लेबलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

पहिली संध्याकाळ

बॉक्समधलीच एचडीएमआय वायर वापरा. कंट्रोलर पहिल्यांदा यूएसबी वायरनं जोडावा लागतो. मग सिस्टीम अपडेट येतो, चहा होईपर्यंत त्याला त्याचं काम करू द्या.

अकाउंट उघडताना घाई नको. देश 'भारत'च निवडा, कारण प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. जन्मतारीख खरी टाका. पोरासाठी घेतला असेल तर मुख्य अकाउंट बाबांचं किंवा आईचं, आणि त्याखाली मुलाचं चाइल्ड अकाउंट. खेळायची वेळ आणि खर्चाची मर्यादा तिथून ठरवता येते. कार्ड जोडलं असेल तर ही मर्यादा आजच घाला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही लगेच चालू करा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावायला बहुतेकजण विसरतात. टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, त्यात क्षणभर उशीर होतो, आणि पास दिल्यावर खेळाडू मागाहून हलतो. मग दोष कंट्रोलरला.

आता डाउनलोडचं गणित. १०० जीबीची गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर सव्वादोन तासांच्या आसपास घेते, ४० च्या लाइनवर साडेपाच तास. मित्रांना रविवारी बोलावणार असाल तर डाउनलोड शनिवारी रात्रीच लावा. राऊटर जवळ असेल तर लॅन वायर जोडलेली बरी.

खरी तपासणी

बदलून मिळायची मुदत थोडी असते, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच मशीन कसून बघा. पीएस ५ मध्ये 'ॲस्ट्रोज प्लेरूम' फुकट येते. लहान मुलांची वाटते, पण कंट्रोलर तपासायला यापेक्षा चांगलं काही नाही. वाळूवर, बर्फावर, पावसात चालताना हाताला वेगवेगळी थरथर जाणवली पाहिजे. मागचे दोन्ही ट्रिगर जागोजागी अडून घट्ट झाले पाहिजेत. काही ठिकाणी माइकवर फुंकर मारावी लागते, म्हणजे माइकही तपासून होतो.

मग कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि हात काढा. पात्र आपोआप सरकायला लागलं तर अंगठ्यानं फिरवायच्या स्टिकमध्ये दोष आहे, बदलून मागा. डिस्क दोनदा घालून-काढून बघा. मशीन आडवं असेल तर डिस्कची छापील बाजू वर. सगळी यूएसबी पोर्ट चालवून बघा. शेवटी सलग तासभर जड गेम चालवा. मागून गरम हवा येणारच, पण खरखर, टकटक किंवा आपोआप बंद पडणं चालवून घेऊ नका.

विजेचं काय?

खेळताना पीएस ५ साधारण २०० वॉट खातो, म्हणजे पाच तासांत एक युनिट. टीव्हीचं वेगळं. यूपीएस घेताना व्हीएचा मोठा आकडा बघू नका, वॉट बघा, आणि त्यात टीव्हीही धरा. वीज गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याएवढी पाच-दहा मिनिटं मिळाली तरी बास.

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही. मॅच ८९ व्या मिनिटाला असली तरी प्लग काढायचा, आणि राऊटरकडून येणारी लॅनची वायरसुद्धा.