जुनी शुगर, नवी पॉलिसी: या चुका टाळा

फोंड्यात विचारा की म्हापशात, आरोग्य विम्याचा फॉर्म बहुतेकांनी स्वतः भरलेला नसतो. एजंट ओळखीचा, वाड्यावरचाच. "बीपी-शुगर कोणाला नाही? लिहिलं तर हप्ता वाढेल," म्हणत तो सगळीकडे 'नाही'वर टिक करतो. सही मात्र तुमची. रोजची गोळी चालू असेल तर आजार आहे, 'कंट्रोलमध्ये' असला तरी.

खरं लिहून काय होतं? हप्ता थोडा वाढतो आणि त्या आजाराच्या क्लेमसाठी काही काळ थांबावं लागतं. ही प्रतीक्षा पूर्वी 48 महिन्यांपर्यंत असायची, एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 36. कधी कंपनी सरळ नकार देते, पण तो आज मिळालेला परवडला. पॉलिसी आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचा, चूक दिसली तर लगेच ईमेल करा. पटली नाही तर 30 दिवसांत परतही करता येते.

लपवलेलं इस्पितळाच्या कागदात सापडतं. आणि तिथे प्रामाणिक माणूसही अडकतो! कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? घाबरलेला मुलगा अंदाजाने सांगतो, "झाली असतील दहा वर्षं." तेच डिस्चार्ज कार्डावर उतरतं. खरं तर निदान दोन वर्षांपूर्वीचं, पॉलिसी चार वर्षांची, तरी क्लेम अडकला. म्हणून निदानाची पहिली चिठ्ठी आणि रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा. घरी निघण्याआधी कार्ड वाचा. साल चुकलं असेल तर तिथेच डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्या; क्लेम फेटाळल्यानंतर आणलेल्या दुरुस्तीकडे कंपनी संशयानेच बघते.

पॉलिसी सलग 60 महिने चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. तेव्हा 'पाच वर्षं गप्प बसू' हा हिशेब करू नका.

नूतनीकरण चुकवणं ही तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, घरची नेहमीची अडचण: माणूस बोटीवर, ओटीपी त्याच्याच फोनवर. सवलतीची मुदतही उलटली तर प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करा. जुन्या विमा रकमेपुरती आधी काढलेली प्रतीक्षा धरली जाते, वाढवलेल्या रकमेला नव्याने लागते.

वेर्ण्याच्या कारखान्यातला ग्रुप विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे प्रतीक्षा तेवढ्यात उरकते.

खासगी पॉलिसी आहे म्हणून गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड सोडू नका. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्याला 4 लाख. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर आयुष्मानचं 5 लाखांचं कार्डही काढा. त्यात जुन्या आजाराला प्रतीक्षा नाही.

क्लेम फेटाळलाच तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गोवा मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. 50 लाखांपर्यंतची तक्रार फुकट, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत करावी लागते. अर्जाला फॉर्मची प्रत आणि निदानाची ती पहिली चिठ्ठी जोडा.