फायबरच्या बोटीला मेण लावण्याआधी

बोटीच्या अंगावरून कोरडा तळहात फिरवा. खडूसारखी पांढरी पूड लागली, तर उन्हाने जेलकोट खाल्लाय असं समजा. अशी बोट दिसली की पुष्कळ मालक ऑइलपेंटचा डबा उघडतात. कृपा करून तसं करू नका. जेलकोट म्हणजे फायबरवरचा रेझिनचा थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. पाणी आणि ऊन आतल्या फायबरपर्यंत पोचू न देण्याचं काम तो करतो. घासला की तो झिजतो आणि झिजलेला परत येत नाही. म्हणून मी सौम्य उपाय आधी करतो, कडक अगदी शेवटी. दरवर्षी वेळेवर मेण बसलं तर कडक उपायाची गरज फारशी पडतही नाही.

आमच्याकडे बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर तलावाकाठी, हे काम दोन टप्प्यांत होतं. पावसाळ्यात वासोटा किल्ल्याची वाट बंद होते, तेव्हा बोट काठावर ओढायची आणि अंग ओलं असतानाच धुवायची. शेवाळाचा चिकटा ओला असला की मऊ ब्रशने निघतो. वाळला की खरवडावा लागतो, आणि खरवडलं की चरे पडलेच. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब पुरतात. तारेची घासणी बोटीजवळ आणूसुद्धा नका. धुवायची जागा पाण्यापासून लांब, वरच्या बाजूला, जिथे धुणं मातीत मुरेल अशी निवडा. समोर कोयनेचं अभयारण्य आहे, तलावात मासे आहेत. साबण आणि तेल त्यात जाता कामा नये. तळात सांडलेलं इंजिन ऑइल आधी फडक्याने टिपून घ्या. मग पाणी निघून जायचं तळाचं बूच काढून ठेवा, पुढचं टोक उंच करा आणि ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा. इथल्या पावसात बंद झाकलेली बोट आतून कुबट होते.

मेणाचं काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर, ऑक्टोबरात. दमट हवेत आणि ओल्या अंगावर मेण नीट बसत नाही.

त्याआधी डाग. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी उतरतं, काठ उघडा पडतो आणि बोट लाल चिखलातून ओढावी लागते. या मातीत लोह भरपूर. पाणपातळीच्या रेघेवर तांबूस-पिवळा पट्टा बसतो आणि तो साबणाला दाद देत नाही. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड. केमिकलच्या दुकानात पूड मिळते. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला साधारण 50 ग्रॅम घाला, स्पंजने पट्ट्यावर लावा, दहा-पंधरा मिनिटं वाळू न देता ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग न घासता जातो, म्हणून मला हा उपाय सगळ्यात प्रिय. पण ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं लांब हवीत, ॲल्युमिनियमच्या भागांवर ते जाऊ देऊ नका, आणि ब्लीचिंगबरोबर कधीही मिसळू नका. उरलेल्या पाण्यात खाण्याचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी नको.

आता तो निस्तेजपणा. एका जागी पाणी मारून बघा. ओल्या अंगावर चमक दिसली तर नुसत्या कंपाउंडने, म्हणजे घासून चमकवायच्या पेस्टने, भागेल. आधी बारीक कंपाउंड हाताने लावून पाहा. तेवढ्याने पूड गेली नाही तरच जाडसर कंपाउंड आणि लोकरीच्या पॅडचं बफिंग मशीन घ्या. एका वेळी दोन बाय दोन फुटांचा तुकडा, मशीन सतत फिरतं ठेवायचं. एकाच जागी थांबलं तर जेलकोट तापून पिवळा पडतो. कडा आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथे हातानेच. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, अगदी शेवटचा उपाय, तोही 1500 नंबरच्या खाली नको. नाकाला मास्क बांधाच. सगळं झालं की धुऊन पूर्ण कोरडं करा. कंपाउंडची भुकटी राहिली तर ती मेणाखाली कायमची अडकते.

मेण सावलीत लावा. अंग उन्हात तापलेलं असेल तर ते लावता लावताच वाळतं आणि पट्टे उमटतात. कार्नोबाचं, म्हणजे वनस्पतीपासूनचं, बोटींसाठीचं मेण घ्या. सिलिकॉनचं पॉलिश मी टाळतो, कारण पुढे कधी फायबरचं ठिगळ मारायचं झालं तर रेझिन तिथे धरत नाही. मऊ स्पंजवर थोडंसं घेऊन पातळ फिरवा. जाड थर दिला म्हणजे जास्त टिकतो असं नाही, तो पुसताना हात भरून येतात एवढंच. धुरकट झालं की मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, काही तासांनी दुसरा हात द्या.

जिथे माणसं पाय ठेवतात तिथे मेण नको. तळाची फळी, चढायची पायरी, काठावरची बसायची जागा साबणाने धुवा आणि तशीच सोडा. ओल्या बुटांनी चढणारी माणसं तिथे घसरतात. लाइफ जॅकेट सौम्य साबणात हाताने धुऊन सावलीत वाळवा, आणि त्याच वेळी पट्टे व बक्कल ओढून तपासा.

सीझनमध्ये संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन पुसलं की पुरे. पाण्याचे थेंब गोल उभे न राहता पसरायला लागले, म्हणजे मेण उडालं. पाणपातळीच्या रेघेवर ते सगळ्यात आधी उडतं. जानेवारीत तेवढ्याच पट्ट्यावर एक हात आणखी मारून घ्या.